बारामती ते लंडन, वारा असेल तसं

1914 साल सरत आलंय. तुम्ही बारामतीच्या नव्याकोऱ्या स्टेशनात उभे आहात. समोरचे रूळ इतके जवळजवळ आहेत की एका ढांगेत ओलांडाल. अडीच फुटांची ही लाइन याच वर्षी सुरू झाली, बारामती ते दौंड, सत्तावीस मैल. हवेत गुळाचा वास आहे. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटून तीसेक वर्षं झाली, तेव्हापासून या पट्ट्यात ऊस आला, गुऱ्हाळं आली, आणि आता ढेपा बैलगाडीतून उतरून वाघिणीत चढताहेत. हमाल ओरडताहेत, इंजिन धुसफुसतंय, आणि पटका बांधलेला एक म्हातारा नातवाला खांद्यावर घेऊन गाडी दाखवतोय.

तुमच्या हातात एक पाकीट आहे. पत्ता लंडनचा.

"विलायतेला कधी पोचेल हो?" तुम्ही पोस्टमास्तरांना विचारता.

ते चष्म्यावरून बघतात. "बोट सापडली तर पंधरवडा. चुकली तर पुढल्या आठवड्याची बोट. पण राव, लढाई चालू आहे. बोटीची हमी कोण देणार?"

त्यांचं बरोबर आहे. ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं. 22 सप्टेंबरला एम्डेन या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या. ते नोव्हेंबरात निकामी झालं, पण त्याची धास्ती अजून इथल्या बाजारात आहे. समुद्र ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही त्यांनाही त्याचं नाव पाठ झालंय.

तुम्ही पाकिटाबरोबरच निघता. दौंडला मोठ्या गाडीत बसता, पुणे मागे पडतं, आणि खंडाळ्यापाशी गाडी कड्याच्या टोकाला येऊन थांबते. हे रिव्हर्सिंग स्टेशन. पुढे वाट नाही. इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, आणि आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेले तुम्ही पाठमोरे घाट उतरू लागता. खिडकीतून दरी सरकते, ब्रेकचा करपट वास येतो. मुंबईत टपालाच्या पिशव्या बोटीवर चढतात. मग एडन, मग 1869 साली खुला झालेला सुएझचा कालवा, मग भूमध्य समुद्र, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आगगाडी, इंग्लिश खाडी, आणि लंडन. समुद्रानेच पूर्ण वळसा घेतला तर ही वाट साडेअकरा हजार किलोमीटरच्या घरात जाते. नकाशावर मुंबई ते लंडन सरळ दोरा ताणला तर अंतर भरतं 7,200 किलोमीटर.

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे आपण शाळेत शिकलो. तुम्ही ज्या ज्या सालात उतराल तिथे हा हिशोब अर्धाच खरा निघणार आहे. बाकीचा अर्धा ठरतो तो बोट कोणत्या वारी सुटते, लढाई कुठे पेटली आहे, वारा कोणत्या अंगाने आहे आणि वाटेतल्या कोणत्या देशाने दार उघडं ठेवलंय यावर. मला या उरलेल्या अर्ध्याबद्दलच सांगायचंय, कारण आपण तो फार लवकर विसरतो आणि मग विमान उशिरा आलं की आपल्यावर अन्याय झाला असं धरून चालतो.

15 ऑक्टोबर 1932. जुहूच्या खाजणात, भरतीच्या पाण्याने ओलसर राहिलेल्या मैदानावर तुम्ही डोळ्यांवर हात धरून उभे आहात. ऊन रणरणतंय. दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेकडे एक ठिपका दिसतो, मग घरघर ऐकू येते. एका इंजिनाचं पुस मॉथ विमान, वरती एकच पंख, पोटात टपालाच्या पिशव्या. चालवणारा अठ्ठावीस वर्षांचा आहे, जे. आर. डी. टाटा. सकाळी साडेसहाच्या पुढे तो कराचीहून निघाला, अहमदाबादला उतरला, आणि तिथे त्याच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. विमानात रेडिओ नाही. खाली किनारा, नदी, रूळ दिसतील तसं जायचं. इथून पुढे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला जाणार आहे.

या पिशव्यांतलं टपाल कराचीला आलं कसं? लंडनहून, इंपीरियल एअरवेजच्या विमानांनी, आठवडाभर टप्पे घेत घेत. ही सेवा 1929 पासून आहे. आणि नेमका याच महिन्यात तिचा रस्ता बदललाय. आतापर्यंत विमानं इराणच्या किनाऱ्याने येत. इराणने ती परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा ऑक्टोबर 1932 पासून आखाताच्या अरबी बाजूने जाणं भाग पडलं आणि शारजाच्या वाळूत उतारूंच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं. इराण आणि आकाशाची परवानगी, या दोन गोष्टी लक्षात असू द्या. पुढे लागतील.

थोडं पुढे या, 1933 च्या पावसाळ्यात. जुहूचं मैदान चिखलात गेलंय, तिथे चाक टेकवणं अशक्य. म्हणून टपालाची विमानं पुण्याला आली आहेत, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या माळावर. तुम्ही छत्री मिटून झाडाखाली उभे आहात, चपला चिखलाने जड झाल्या आहेत. पश्चिमेला घाट ढगात बुडालाय. वैमानिक त्या ढगाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, पुन्हा ढगाकडे. नंतर कुठे तरी फट पडते आणि तो धावत विमानाकडे जातो. सह्याद्रीच्या या पावसातून त्या वर्षी मुंबईचं किंवा मद्रासचं एकही टपाल कराचीच्या विमानाला चुकलं नाही, असा सरकारी विमान खात्याने शेरा मारला. त्या काळच्या विमानांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. वेगाने नव्हे, ती फट ओळखण्याने ही वेळ पाळली गेली. बारामतीच्या पोस्टात मात्र तुमचं पाकीट अजून त्याच छोट्या गाडीने येतं, गुळाच्या ढेपांशेजारी बसून.

1948 पाशी फार वेळ थांबायचं कारण नाही, पण एकदा डोकावून घ्या. 8 जूनची रात्र, सांताक्रूझ विमानतळ. चार इंजिनांचं 'मलबार प्रिन्सेस' लंडनला निघालंय, एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं परदेशी उड्डाण. उतारू पस्तीस. वाटेत कैरो, मग जिनिव्हा. मग लंडन. पस्तीस वर्षांच्या आत पंधरवड्याचा एक दिवस झाला, आणि तरीही वाटेत दोनदा उतरावं लागलंच.

आता घरी या, इंदापूर तालुक्यात. 1980 नंतरचा एखादा जानेवारी, पहाट, कुंभारगावची कड. उजनी धरण भरून भीमा इथे समुद्रासारखी पसरली आहे. या पाण्याखाली गावं आहेत, मळे आहेत, विहिरी आहेत. पळसदेवच्या पळसनाथाचं जुनं देऊळही त्यात गेलं. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरलं की त्याचं शिखर वर येतं आणि विस्थापितांची म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन जातात, "आपलं घर इथं होतं" असं बोट दाखवायला. ते सांगताना त्यांचा आवाज कसा होतो, हे ज्याने ऐकलंय त्याला उजनीचं पाणी नुसतं सुंदर दिसत नाही.

पण पाणी आलं, आणि पाण्यामागून पाखरं आली.

"दादा, बसा खाली, होडी डुलतीय," नावाडी म्हणतो आणि बांबूने तळ रेटतो. तो मासेमाराच्या घरातला आहे, हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवतो. पुढे उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चोची उलट्या बुडवून गाळ चाळतोय. तो तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगतो. चिखलाच्या बेटावर राखाडी रंगाचे हंस बसलेत, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकादंब.

यातला एक जरा नीट बघा. याचं उन्हाळ्यातलं घर तिबेटच्या किंवा मंगोलियाच्या सरोवरांकाठी. मध्ये हिमालय आहे. या हंसांच्या अंगावर यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला, तेव्हा एक हंस 7,290 मीटर उंचीवर सापडला. चढाचा अवघड टप्पा ते साधारण आठ तासांत, पंख मारत, न थांबता काढतात. सगळ्यांना वाटत होतं की दिवसा डोंगर तापला की वर चढणारा वारा त्यांना उचलून नेत असेल. निघालं भलतंच. ते दिवसाचा वारा टाळतात. रात्री आणि पहाटे निघतात, जेव्हा हवा थंड असते, म्हणून दाट असते, आणि शांत असते. पंखाला धरायला हवा मिळते. निघायची वेळ तो पक्षी जाणतो, आणि अंतर त्या वेळेच्या हाती सोडतो. एवढं ऐकल्यावर त्या बेटाकडे बघत तुम्ही थोडा वेळ गप्प बसाल. नावाडीही बांबू आडवा टाकून थांबतो. त्याला माणसांची ही गप्प होण्याची जागा माहीत आहे.

आणखी पुढे. जानेवारी 2025, बारामतीच्या विमानतळाची धावपट्टी, सूर्य नुकताच वर आलाय. गोजुबावीच्या माळावर गारठा आहे. इथे मोठी प्रवासी विमानं येत नाहीत, इथे वैमानिक घडतात. आज तुम्ही त्या शिकाऊंपैकी एक आहात. देशाच्या कुठल्या कुठल्या गावांतून आलेली पोरं-पोरी इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, आईवडिलांनी जमीन किंवा दागिने गहाण टाकून भरलेल्या फीचं ओझं डोक्यावर घेऊन हवामानशास्त्र घोकतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

तुम्ही सेसना 172 विमानाभोवती फेरी मारता. पंखाखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल छोट्या पारदर्शक भांड्यात काढता आणि ते उजेडासमोर धरता. रंग निळसर हवा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत उड्डाण नाही. थेंब नाही. हात पेट्रोलने गार पडले आहेत.

"बोल, इंदापूर किती लांब?" सर विचारतात.

"सव्वीस नॉटिकल मैल, सर." म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. दिशा पूर्वेच्या जरा दक्षिणेला, एकशे पाच अंश. पूर्वेकडे जायचं म्हणून उंची 5,500 फूट.

"किती वेळ?"

विमानाचा वेग शंभर नॉट धरलाय, म्हणजे तासाला शंभर नॉटिकल मैल. सव्वीस भागिले शंभर, साडेपंधरा मिनिटं. तुम्ही तोंड उघडता, पण सर आधीच बोलतात, "वारा?"

वर पंधरा नॉटचा वारा आहे, पूर्वेकडून. म्हणजे जाताना समोर. शंभरातून पंधरा गेले, पंच्याऐंशी. अठरा मिनिटांच्या वर. येताना तोच वारा पाठीशी, एकशे पंधरा, साडेतेरा मिनिटं.

"मग जाऊन-येऊन वाऱ्याची फिटंफाट झाली?"

तुम्ही होकार देणार असता. मग कागदावर बेरीज करता. वारा नसता तर एकतीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद. वाऱ्यासकट जवळपास बत्तीस. फिटंफाट होत नाही. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि पाठच्या वाऱ्यात कमी वेळ राहता, म्हणून गेलेलं सगळं परत मिळत नाही. इथे अर्ध्या-पाऊण मिनिटाचा प्रश्न आहे. पण मुंबई-लंडन म्हणजे बारामती-इंदापूर दीडशे वेळा. त्या वाटेवर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा असतो, म्हणून लंडनला जायला लागतो त्यापेक्षा परत यायला साधारण तासभर कमी लागतो. जाताना नऊ-दहा तास. त्या दहा तासांचं गणित इथे, या माळावर, अठरा मिनिटांत शिकवतात.

तुम्ही उडता. डावीकडे लांबवर उजनीचं पाणी चकाकतं, उजवीकडे नीरेची हिरवी रेघ, मध्ये उसाचे चौकोन, साखर कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर. धूर तुमच्या दिशेने झुकलाय. वारा कुठून आहे हे जमिनीनेच सांगितलं. पुढे तुम्हाला दोनशे तास भरायचे आहेत, त्यात किमान तीनशे नॉटिकल मैलांची एक एकट्याची सफर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. मगच व्यावसायिक परवाना.

आणि आता त्याच वर्षाचा जून.

13 जूनची पहाट, मुंबईहून लंडनला निघालेलं विमान. तुम्ही खिडकीशी आहात. आदल्याच दिवशी अहमदाबादहून लंडनला उडालेलं विमान काही क्षणांत कोसळलं, विमानातल्या 242 पैकी एकच जण वाचला. तुमच्या शेजारची बाई हातात जपमाळ धरून बसली आहे. तुम्ही बोलत नाही, ती बोलत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलंय, म्हणून ज्या कराचीतून कधीकाळी पाकिटं येत होती ती बाजू सोडून विमानं समुद्रावरून वळसा घेतात. आणि त्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला, इराणचं आकाशही मिटलं. काही तास उडून विमान वळतं. समोरच्या छोट्या पडद्यावर बाण उलटा फिरतो. उतरता तेव्हा बाहेर मुंबईच असते.

अंतर तेच, 7,200 किलोमीटर. इंजिनं धडधाकट, इंधन पुरेसं, वैमानिक तरबेज. वाट नव्हती. 1932 साली ज्याने शारजाच्या वाळूत विश्रामगृह बांधायला लावलं, तेच कारण.

मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात, तिकीट पुढे ढकलून, तुम्ही गावाकडे येता आणि बारामतीपासून तुकोबांच्या पालखीबरोबर चालू लागता.

पालखी 18 जूनला देहूतून निघाली आहे. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्या पालखीला वेढा घालून धावतात, खुरांची धूळ तोंडात जाते. सणसरचा मुक्काम. पुढे बेलवाडीला गोल रिंगण: टाळकरी, पखवाजवाले, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया एकामागून एक धावतात, शेवटी अश्व. मग अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. जे अठ्ठेचाळीस किलोमीटर जानेवारीत अठरा मिनिटांत गेले, त्यांना आता तीन-चार दिवस.

"तीन की चार, माऊली?" तुम्ही दिंडीतल्या विणेकऱ्यांना विचारता.

"तिथीवर हाय," ते म्हणतात. "तिथी वाढली की वाटेत एक मुक्काम वाढतो, घटली की कमी होतो. एकादशीला पंढरी गाठायची, एवढं पक्कं. वाट त्या हिशोबानं कापायची."

तुमच्या पायाला फोड आलाय. एक आजी तुम्हाला खाली बसवतात, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात, दोरा आतच ठेवतात म्हणजे पाणी झिरपत राहतं. "लागलं का रं?" विचारतात, आणि लागलं असं सांगायच्या आत उठून चालायला लागतात. त्यांचा नातू लंडनला आहे. तुम्हीही तिकडे जाणार म्हटल्यावर त्या पुन्हा वळतात.

"किती लागतं रं तिकडं जायाला?"

तुम्ही दहा तास म्हणणार असता. मग त्यांना वाऱ्याचं सांगता, बंद आकाशाचं सांगता, उलट्या फिरलेल्या विमानाचं सांगता. त्या सगळं ऐकून घेतात, मध्ये एकदाही "देवा" म्हणत नाहीत. त्यांना यात नवल वाटत नाही. त्यांच्या आईने हीच वाट चालताना नीरेला पूर येऊन पालखी खोळंबलेली पाहिली होती, असं त्या सांगतात, आणि तेव्हा दिंडीतल्यांनी काठावर दोन वेळचा स्वयंपाक कसा केला हेही.

"नातवाला सांगा," त्या म्हणतात, "एकादशी सहा तारखेला हाय. फोन त्याआधी करू नको म्हणावं, आवाज येत न्हाई गर्दीत."

इंदापूरचा मुक्काम आटोपतो. पुढे सराटी, मग नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरणार, अकलूजला. पहाटे अंधारातच सामानाचा ट्रक पुढे निघतो, पुढल्या गावात राहुट्या आधी उभ्या हव्यात. कोणी तरी तुम्हाला हाक मारतं, ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला. पावसाने ती भिजून चांगलीच जड झाली आहे. चौघं लागतात.